तंत्रप्रश्न : वायर जुळावी, कनेक्टर वितळू नये

खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की बॅटरीवर चालणारे पाठीवरचे पंप दुरुस्तीला येऊ लागतात आणि त्यांच्यामागोमाग सोल्डरिंगविषयीची पत्रेही येतात. या वेळी लातूर, बीड, परभणी, जालना आणि नांदेड या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत दिसते. वायर जोडली जाते, परंतु जोडता जोडता कनेक्टरचे प्लास्टिक वितळते, पिन तिरपी होते किंवा वायरचे आवरण मागे सरकून तांबे उघडे पडते. म्हणून या महिन्याचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. फवारणी पंपाच्या चार्जिंग सॉकेटला वायर सोल्डर करताना मागच्या पिना प्लास्टिकमध्ये सैल होतात आणि नंतर चार्जर लावला की आत ढकलल्या जातात. माझ्याकडे २५ वॅटची सोल्डरिंग गन आहे. उष्णता जास्त होते असे धरून आणखी कमी वॅटची गन घ्यावी का? — एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : कमी वॅटची गन घेऊ नये, तिने आपली अडचण वाढेल. प्लास्टिक वितळले म्हणजे गन फार गरम असली पाहिजे, असा समज सर्रास आढळतो, पण बहुतेक वेळा कारण उलटे असते. गन अशक्त असते, म्हणून ती फार वेळ टेकवून ठेवावी लागते आणि त्या लांबलेल्या वेळातच प्लास्टिकचा घात होतो.

आकडे पाहिले की हे उलगडते. बाजारात सहज मिळणारी ६०/४० सोल्डर वायर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली, १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. घरगुती पीव्हीसी वायरचे आवरण मात्र ७० अंशांपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते, आणि स्वस्त सॉकेटमध्ये वापरले जाणारे एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या थोडे वर गेले की मऊ पडते. याचा अर्थ, ज्या तापमानाला सोल्डर वाहते त्या तापमानाला ना आवरण टिकू शकते, ना सॉकेट. तरीही रोज हजारो सॉकेट नीट सोल्डर होतात, कारण पिनेच्या टोकाला दिलेली उष्णता धातूतून मुळापर्यंत पोहोचायला आणि तिथून प्लास्टिकमध्ये उतरायला थोडा वेळ लागतो. जोड दोन-तीन सेकंदांत पूर्ण झाला तर टोक १९० अंशांच्या पुढे जाऊनही मूळ वाचते. तोच जोड दहा-पंधरा सेकंद रेंगाळला तर संपूर्ण पिन टोकाइतकीच तापते आणि प्लास्टिकमधील तिची पकड सुटते. चांगल्या तापलेल्या तव्यावर ज्वारीची भाकरी झटकन भाजून निघते आणि कोमट तव्यावर तीच वाळून कडक होते, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या भागात याला आणखी एक कारण जोडले जाते आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कृषिपंप एकदम सुरू झाले की गावातला विद्युतदाब खाली येतो. साध्या गनची उष्णता दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात बदलते. त्यामुळे २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच मिळत असतील, तर २५ वॅटची गन प्रत्यक्षात सुमारे १५ वॅटचेच काम करते. सकाळी नीट झालेला जोड संध्याकाळी जमत नसेल, तर हाताला दोष देण्याआधी मीटरवर दाब पाहावा. शक्य असल्यास तापमान ठरवता येणारे ६० वॅटचे सोल्डरिंग स्टेशन घ्यावे आणि शिसेयुक्त सोल्डरसाठी ते ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे. असे स्टेशन दाब थोडा घसरला तरी बिटचे, म्हणजे गनच्या तापणाऱ्या टोकाचे, तापमान पुष्कळसे सांभाळून घेते. तेवढा खर्च नको असेल, तर सॉकेटच्या कामासाठी ४० वॅटची साधी गन आणि तिला छिन्नीच्या आकाराची चपटी बिट चालेल. टोकदार बिट दिसायला नाजूक असते, परंतु तिचा पिनेशी स्पर्श जेमतेम एका बिंदूचा होतो आणि वेळ पुन्हा वाढतो.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम पंपातील बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात. १२ व्होल्ट ऐकायला कमी वाटतात, पण शिसे-आम्ल बॅटरी शॉर्ट झाली की वायर लाल होईल इतका प्रवाह देते. मग सॉकेट बाहेर काढून त्यात त्याच मापाचा एक जुना, मोकळा चार्जर प्लग पूर्ण खोचून ठेवावा. हा प्लग दोन कामे करतो. पिनेतली काही उष्णता तो स्वतःकडे ओढून घेतो, आणि प्लास्टिक क्षणभर मऊ झालेच तर पिन जागची हलू देत नाही. जोड पूर्ण थंड होईपर्यंत तो काढू नये.

यानंतर दोन्ही भागांवर आधी वेगवेगळा सोल्डर चढवून घ्यावा, ज्याला कारागीर टिनिंग म्हणतात. ही पायरी गाळल्यामुळेच सर्वाधिक सॉकेट बिघडतात, असे माझे ठाम मत आहे. फवारणी पंपात औषध झिरपल्यामुळे पिना आणि तांबे हिरवट किंवा काळे पडलेले असते, आणि अशा पृष्ठभागावर सोल्डर कितीही तापवला तरी थेंब होऊन घरंगळतो. पिन बारीक सॅंडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी. वायर काळी पडलेल्या भागापुढे छाटून नवे तांबे उघडे करावे, तिच्या तारांना पीळ द्यावा आणि त्यावर राळेचा फ्लक्स (धातूला सोल्डर धरावा म्हणून लावतात तो पदार्थ) लावून सोल्डरचा पातळ थर चढवावा. पिनेवरही तसाच थर द्यावा आणि ती थंड होऊ द्यावी. मग वायर पिनेवर टेकवून, ओल्या स्पंजवर पुसलेली आणि सोल्डरचा लहानसा थेंब घेतलेली बिट दोन्हींना एकाच वेळी लागेल अशी धरावी. बिटवरचा तो ओला थेंब उष्णता नेणारा पूल असतो. कोरडी, काळी पडलेली बिट कितीही गरम असली तरी उष्णता पुढे देत नाही. आधीच चढवलेले दोन थर एकमेकांत मिसळताना नजरेला स्पष्ट दिसतात. वायरवरचा सोल्डर एकाएकी चमकतो, क्षणभर पाण्यासारखा होतो आणि पिनेकडे ओढला जातो. तो दिसला की बिट काढावी, पण वायर धरलेला हात हलवू नये. ६०/४० सोल्डर घट्ट होताना काही अंशांच्या टप्प्यात लापशीसारखा असतो आणि त्या अवस्थेत वायर हलली तर जोड दाणेदार, ठिसूळ होतो. ६३/३७ सोल्डर थेट १८३ अंशांना घट्ट होतो. थोडा महाग असला तरी कनेक्टरच्या कामाला मी त्याचीच शिफारस करीन.

जोड करताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात मराठवाड्यातल्या दुकानात हे सांगणे कठोर वाटेल, पण पंख्याचा झोत थेट जोडावर आला तर तो सतत थंड होत राहतो आणि बिट टेकवण्याचा वेळ वाढतो. धूर बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी असावी किंवा लहान पंखा बाजूला ठेवून धूर बाहेर ओढणारा करावा.

दोन गोष्टी टाळाव्यात. पत्र्याच्या कामासाठी मिळणारी झिंक क्लोराइडची आम्लयुक्त पेस्ट विजेच्या जोडाला लावू नये. तिने जोड चटकन होतो, परंतु उरलेला थर दमट हवेत ओलावा धरून तांबे खात राहतो. आणि स्वस्त वायरीच्या तारा ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढऱ्या निघाल्या, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे असे समजावे. त्यावर सामान्य सोल्डर धरत नाही आणि तो धरावा म्हणून तापवत राहण्यात सॉकेट जाते. अशी वायर बदलणेच शहाणपणाचे.

प्रश्न : आमच्या गावात हरिनाम सप्ताहासाठी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था आम्ही तरुण मंडळी सांभाळतो. कीर्तनकारांच्या माइकच्या वायरी दरवर्षी प्लगजवळ तुटतात. तीन पिनांचा प्लग पुन्हा जोडला की गुणगुण ऐकू येते. उघडून पाहिले तर आतल्या दोन वायरींचे आवरण वितळून बाहेरच्या जाळीला चिकटलेले असते. — एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : माइकच्या वायरीतील आतल्या दोन तारांचे आवरण बहुधा पॉलिथिनचे असते आणि ते ११० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे सोल्डरच्या उष्णतेपुढे पीव्हीसीपेक्षाही ते नाजूक असते (पीव्हीसीचे ७० अंश ही सततच्या वापराची मर्यादा आहे, वितळण्याची नव्हे). त्याउलट बाहेरच्या जाळीत पुष्कळ तांबे असल्यामुळे ती तापायला वेळ घेते. ही दोन टोके एकाच ठिकाणी सांभाळायची असल्याने कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

प्लगचे कवच आणि मागची रबरी टोपी आधी वायरीत ओवून घ्यावी, कारण जोड झाल्यावर ती घालता येत नाही आणि पुन्हा सोल्डर काढून जोडताना त्याच पिनेला दुसऱ्यांदा उष्णता सोसावी लागते. बाहेरचे आवरण सुमारे २ सेंटिमीटर काढून जाळीचा पीळ एका बाजूला वळवावा आणि आतल्या दोन वायरी विरुद्ध दिशेला दुमडून ठेवाव्यात. जाळीचा टिनिंगचा टप्पा या स्थितीतच उरकावा. टिनिंग टोकाकडच्या अर्ध्या भागापुरतेच करावे. जाळी मुळापर्यंत सोल्डरने भरली, तर उष्णता आतल्या आवरणापर्यंत जाते आणि वायर तिथे काडीसारखी ताठ होऊन पुढे त्याच जागी तुटते. आपल्या वायरी दरवर्षी प्लगजवळच तुटण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. उघड्या राहिलेल्या जाळीवर बारीक स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे आवरण, चढवावी.

आतल्या वायरी ४ ते ५ मिलिमीटर सोलाव्यात. कितीही जपले तरी आवरण उष्णतेने थोडे मागे सरकते, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त सोलले तर तांबे उघडे राहते. टिनिंग करताना आवरणाच्या कडेलगत तांब्यावर एक क्रोकोडाइल क्लिप लावावी. तिचे जबडे उष्णता पिऊन घेतात आणि सोल्डर तारांच्या आत चढत जाण्यालाही तिथेच आळा बसतो. क्लिप नसेल तर सुती कापडाची पट्टी पाण्यात भिजवून, पिळून त्या जागी गुंडाळली तरी काम होते. पाणी थेंबथेंब गळणार नाही एवढे पाहावे.

या प्लगच्या पिनांना मागे लहान वाटीसारखा खळगा असतो. प्लग त्याच्या जोडीच्या सॉकेटमध्ये खोचून वाट्या वर येतील असा उभा धरावा. प्रत्येक वाटी आधी सोल्डरने अर्धी भरून घ्यावी. मग बिट वाटीच्या बाहेरच्या भिंतीला लावावी, आतला सोल्डर वितळून चकाकला की टिनिंग केलेले वायरचे टोक सरळ खाली उतरवावे आणि लगेच बिट काढावी. वायर आत ठेवून वाटी तापवण्यापेक्षा यात आवरणाला फारच कमी वेळ उष्णता लागते. रूढ मांडणीनुसार पिन १ ला जाळी, पिन २ ला धन आणि पिन ३ ला ऋण वायर येते. एका पिनेनंतर दुसरी घेण्याआधी प्लग बोटाला कोमट लागेपर्यंत थांबावे. शेवटी वायर पकडणारी आतली क्लिप बाहेरच्या जाड आवरणावर घट्ट बसली आहे का ते तपासावे. कीर्तनकार चालता-बोलताना बसणारा हिसका तिने झेलायचा असतो, सोल्डरने नव्हे.

प्रश्न : मी फवारणीचा ड्रोन चालवतो. त्याच्या एका चार्जिंग जोडणीवर पिवळा एक्सटी-६० कनेक्टर आहे. त्याला १२ गेजची सिलिकॉन वायर लावताना सोल्डर ढेकळासारखा बसतो आणि पिवळे प्लास्टिक वाकते. — एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : पहिल्या पत्रात सांगितलेले कारण इथे अधिक तीव्रतेने लागू होते. १२ गेजच्या वायरमध्ये ३.३ चौरस मिलिमीटर तांबे असते आणि तांबे हा उष्णता वाहून नेण्यात अग्रेसर धातू असल्यामुळे बिटने दिलेली उष्णता वायर दूरवर पळवते. अशा जोडाला ६० ते ८० वॅटची गन आणि रुंद छिन्नी बिटच हवी. सिलिकॉनचे आवरण सुमारे २०० अंश सहज सोसते, म्हणून इथे चिंता वायरची नसून कनेक्टरच्या नायलॉनची आहे.

मोकळा, कोणत्याही बॅटरीला न जोडलेला जोडीचा कनेक्टर आत खोचून ठेवावा. धरण्यासाठी लोखंडी शिकंजा वापरू नये, कारण तो जोडातली उष्णता शोषतो. लाकडाच्या ठोकळ्यात योग्य मापाचे भोक पाडून त्यात कनेक्टर बसवावा. वाटी भरणे, वायरचे टिनिंग आणि मग दोन्हींचा मिलाफ हा क्रम माइकच्या प्लगसारखाच आहे. फक्त इथे चार-पाच सेकंद लागू शकतात. त्याहून जास्त लागत असतील तर थांबावे, सर्व थंड होऊ द्यावे आणि बिट मोठी घेऊन पुन्हा सुरुवात करावी. धुमसत राहून जोड कधीच सुधारत नाही. जोड उत्तम झाला आहे हे ओळखण्याची खूण अशी की सोल्डरची कड वाटीच्या काठाशी पसरट होऊन मिळते आणि वायरीतील तारांचे उठाव पातळ थराखाली अजून दिसतात. फुगीर गोळा दिसला तर आतली उष्णता कमी पडली आहे.

श्रिंक ट्यूब (जोडावर चढवायची, उष्णतेने आकसणारी नळी) आधी वायरीत ओवून जोडापासून चांगली पाच-सहा सेंटिमीटर मागे सारावी, अन्यथा ती जागेवर येण्याआधीच आकसते. बॅटरीच्या बाजूचा कनेक्टर बदलायचा असेल, तर दोन्ही वायरी एकदम कधीही कापू नयेत. एक वायर कापून, सोल्डर करून, ट्यूब चढवून झाली की मगच दुसरीला हात लावावा. लिथियम सेलच्या टोकांवर थेट सोल्डर करण्याचा विचारही करू नये. ती उष्णता सेलच्या आतील पडद्याला इजा करते आणि सेल पेट घेऊ शकतो. त्यासाठी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावलेले सेल घ्यावेत.

प्रश्न : सौर कृषिपंपाच्या पॅनेलच्या वायरीचा एमसी-४ कनेक्टर निघाला आहे. तो सोल्डर करून बसवला तर अधिक मजबूत होईल का? — एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : नाही. हा कनेक्टर सोल्डरसाठी बनवलेला नाही. त्याची धातूची पिन योग्य मापाच्या क्रिम्पिंग पक्कडीने वायरवर दाबून बसवायची असते. सोल्डर केल्यास पिनेचे माप बदलते आणि ती कनेक्टरच्या प्लास्टिकच्या कवचात नीट अडकत नाही. शिवाय पकड सैल होऊन जोड तापू लागला, तर सोल्डर वितळून ठिणग्या पडू शकतात. पॅनेलवर ऊन आहे तोवर वायरीत दाब असतोच आणि एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. पंप चालू असताना हा कनेक्टर ओढू नये. आपला पंप हमीच्या मुदतीत असेल, तर बसवून देणाऱ्या पुरवठादारालाच बोलवावे.

स्टार्टरच्या स्क्रू टर्मिनलखाली जाणाऱ्या वायरीविषयीही अनेकांनी विचारले आहे. तिथेही टिनिंग करू नये. सोल्डर मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो आणि टर्मिनल जळते. थिंबल (वायरच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा) क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून, लावावे.

प्रश्न : शाळेत मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी सोल्डरिंग करून घेतो. शिसे नसलेला सोल्डर वापरावा का? त्याने कनेक्टर जास्त वितळतात असे दिसते. — एक शिक्षक, कंधार (जि. नांदेड)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. कथील, चांदी आणि तांबे यांचा शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो, म्हणजे ६०/४० पेक्षा सुमारे ३० अंश वर, आणि तो तितका चटकन पसरतही नाही. त्यामुळे नवख्या हातांकडून वेळ जास्त लागतो. तरीही मुलांसाठी मी शिसेविरहित सोल्डरच सुचवीन. बिट ३५० ते ३७० अंशांवर ठेवावी, फ्लक्स हात आखडता न घेता वापरावा आणि सरावासाठी स्वस्त कनेक्टरऐवजी नुसत्या तांब्याच्या तारा द्याव्यात, म्हणजे वेळेचा अंदाज येईपर्यंत काही वितळण्याची भीती राहत नाही.

जोड करताना उठणारा धूर शिशाचा नसतो, तो राळेचा असतो. नेहमीच्या सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसे शरीरात जाते ते हातांना लागून तोंडावाटे. राळेचा धूरही निरुपद्रवी नाही, त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून दमा असलेल्या मुलांना जोडावर वाकून बसू देऊ नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवूनच डबा उघडायचा, हा नियम कोणताही सोल्डर असला तरी पाळावा. शाळेत दोन्ही प्रकारचे सोल्डर असतील तर त्यांच्या बिट आणि पुसण्याचे स्पंज वेगळे ठेवावेत व त्यांवर रंगीत टेपने खूण करावी.